छंदाच्या मिलिंग मशीनसाठी परवडणारे कॅड-कॅम कोणते घ्यावे?

जुना_टूलरूमवाला (ठाणे), धागाकर्ते

मंडळी, नमस्कार.

एका कारखान्याच्या टूलरूममध्ये बत्तीस वर्षे काढून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. घराखालच्या गॅरेजात एक छोटे बेंच मिलिंग मशीन आणि एक लहान लेथ आहे. गेल्या वर्षी पुतण्याला हाताशी घेऊन मिलिंगच्या तिन्ही स्लाइडना स्टेपर मोटरी बसवल्या आणि कंट्रोलर म्हणून आर्डुइनोच्या बोर्डवर ग्रबल हा मशीन चालवणारा प्रोग्रॅम घातला. हाताने लिहिलेल्या जी-कोडवर (मशीनला चाली सांगणाऱ्या आज्ञांवर) मी आजवर भोके पाडली, सरळ खाचा काढल्या, फेसिंग केले. त्यासाठी वही, कॅलक्युलेटर आणि साइन-कोसाइनचे कोष्टक पुरत होते.

अडले ते फ्लायव्हीलपाशी. डोलणाऱ्या सिलिंडरचे, वाफेवर चालणारे एक छोटे इंजिन करायला घेतले आहे. त्याचे फ्लायव्हील ॲल्युमिनियमचे, ७५ मि.मी. व्यासाचे आणि १२ मि.मी. जाडीचे आहे, बाहेरची कड ८ मि.मी., मधला हब १८ मि.मी. व्यासाचा, आणि सहा आरे, प्रत्येकी ५ मि.मी. रुंद. बाहेरचा व्यास आणि मधले भोक लेथवर होईल, पण आऱ्यांमधले सहा पॉकेट (पोकळ्या) हाताने कोड लिहून काढायचे म्हणजे प्रत्येक कोपऱ्याच्या गोलाईचे आरंभबिंदू, अंत्यबिंदू आणि केंद्र मोजत बसणे आले. एका पॉकेटचा कोड लिहून पाहिला. त्यात दोन संध्याकाळी गेल्या आणि तरीही एका कमानीचे केंद्र चुकलेच.

म्हणून आता संगणकाला शरण जायचे ठरवले आहे: नकाशा काढणारे कॅड आणि त्यावरून मशीनचा कोड बनवणारे कॅम. एकदाच द्यायचे असतील तर पंधरा हजारांपर्यंत देईन, पण पेन्शनमधून दर वर्षी भाडे भरणे जिवावर येते. लॅपटॉप जुना, आठ जीबी मेमरीचा आहे आणि गॅरेजात इंटरनेट धड येत नाही. ड्रॉइंग बोर्डावर उमेदीची वर्षे गेली असल्याने नकाशा वाचण्याची वा काढण्याची अडचण नाही, मात्र संगणकावर त्रिमितीय मॉडेल मी कधी केलेले नाही.

फुकटचे घ्यावे की विकतचे, आणि कॅड व कॅम एकाच प्रोग्रॅममध्ये असणे खरोखर गरजेचे आहे का, हे मला विचारायचे आहे. त्याहून जास्त सतावणारा प्रश्न असा की, या वयात शिकण्यात घातलेले सहा महिने उद्या कोणाच्या तरी निर्णयाने वाया जाणार नाहीत, याची खात्री कशी करावी?

वैदेही_पुणे

काका, मी दिवसा एका डिझाइन ऑफिसात काम करते आणि रात्री घरच्या छोट्या मशीनवर ॲल्युमिनियमचे सुटे भाग काढते. मी घरी फ्यूजन या कॅड-कॅम प्रोग्रॅमची वैयक्तिक वापराची मोफत आवृत्ती वापरते. तिच्याबद्दल ऐकीव माहिती फार फिरते, म्हणून जे आहे ते नीट सांगते.

ऑक्टोबर २०२० पासून या मोफत आवृत्तीवर बंधने आली. एका वेळी फक्त दहा डॉक्युमेंट संपादनासाठी उघडी ठेवता येतात. बाकीची केवळ पाहण्यापुरती राहतात, मात्र हवे तेव्हा त्यांची अदलाबदल करता येते. कॅममधून निघणाऱ्या कोडमध्ये रॅपिड चाली मिळत नाहीत, म्हणजे टूल हवेतून जातानाही कापण्याच्याच फीडने जाते. एका फाइलमध्ये एकाहून अधिक टूल घालता येत नाहीत आणि तीनपेक्षा जास्त अक्षांचे काम बंद आहे. वापर घरगुती आणि बिनव्यापारी असला पाहिजे, आणि त्यातून वर्षाला १००० डॉलरपेक्षा अधिक मिळकत होता कामा नये, अशी अट आहे.

आता हे तुमच्या मशीनला किती टोचते ते पाहू. तुमच्या स्पिंडलचा वेग २५०० फेऱ्या असेल असे धरते. ६ मि.मी.चे दोन धारांचे एंड मिल (कापायचे टूल), प्रत्येक धारेला ०.०३ मि.मी., म्हणजे फीड मिनिटाला १५० मि.मी. येतो. फ्लायव्हीलच्या कामात टूल हवेतून एकंदर १.८ मीटर फिरले, तर १५० च्या फीडने त्याला बारा मिनिटे लागतील. तीच चाल ८०० च्या रॅपिडने सव्वादोन मिनिटांत झाली असती. एका जॉबला पावणेदहा मिनिटे जास्त. कारखान्यात हे परवडणार नाही, घरी परवडते. टूलचे म्हणाल तर ग्रबलला एम६ (टूल बदलण्याची आज्ञा) कळतच नाही. प्रत्येक टूलची फाइल तुम्हाला तशीही वेगळी काढावी लागणार आहे.

त्या बदल्यात मिळते ते फार मोठे आहे. ॲडॅप्टिव्ह क्लिअरिंग या कापण्याच्या पद्धतीमध्ये टूलवर येणारा भार जवळजवळ एकसारखा राहतो, त्यामुळे तुमच्यासारख्या हलक्या मशीनवरही कोपऱ्यात टूल कण्हत नाही. नकाशापासून कोडपर्यंत सगळे एकाच ठिकाणी होते आणि शिकण्याचे साहित्य विपुल आहे. फायली मात्र कंपनीच्या क्लाउडवर राहतात आणि अधूनमधून इंटरनेट लागतेच. काम घरात करून कोडची फाइल पेन ड्राइव्हवर गॅरेजात नेली, तर ही अडचण सुटते.

उद्यमनगरकर (कोल्हापूर)

वैदेहीताईंनी हिशेब नेमका मांडला आहे आणि त्यातली एकही गोष्ट खोडण्यासारखी नाही. तरीही धागाकर्त्यांच्या तिसऱ्या प्रश्नावरून मी वेगळा सल्ला देतो. ज्या बंधनांचा त्यांनी उल्लेख केला, ती लोकांनी शिकून झाल्यावर आली. त्या वेळी मोफत आवृत्तीतून स्टेप फाइल (दुसऱ्या प्रोग्रॅममध्येही उघडणारे मॉडेल) बाहेर काढण्याची सोयही बंद होणार होती. वापरणाऱ्यांनी ओरड केल्यावर ती राहिली. कंपनीला तिच्या मालाच्या अटी ठरवण्याचा पूर्ण अधिकार आहे, मला त्याबद्दल राग नाही. परंतु ज्याला पुढची वीस वर्षे स्वतःचे नकाशे स्वतःच उघडायचे आहेत, त्याने फ्रीकॅड शिकावे असे मला मनापासून वाटते.

फ्रीकॅड २००२ पासून चालत आलेले मुक्त-स्रोत काम आहे. पैसे नाहीत, नोंदणी नाही, इंटरनेट नाही. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते आणि आठ जीबीच्या लॅपटॉपवर तुमच्या आकाराचे भाग सहज पेलते. त्याची जुनी दुखणी मी लपवणार नाही. मॉडेलमधल्या प्रत्येक कडेला आणि पृष्ठाला प्रोग्रॅम आपोआप क्रमांक देतो. पूर्वी मागे जाऊन एखादे भोक मोठे केले की हे क्रमांक सरकायचे आणि पुढे दिलेली गोलाई भलत्याच कडेवर जाऊन बसायची किंवा मॉडेलच मोडायचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० ही आवृत्ती आली, तिच्यात हे दुखणे बरेच आटोक्यात आले. तरी माझी सवय अशी की स्केच मूळ प्रतलांवरच काढायचे, आधीच्या पृष्ठावर टेकवायचे नाही, आणि गोलाई-चॅम्फर अगदी शेवटी द्यायचे. एवढे पाळले तर मॉडेल मोडत नाही.

तुमच्याच इंजिनाचे उदाहरण घेऊन पॅरामेट्रिक नकाशाचा उपयोग सांगतो, कारण बोर्डावर काम केलेल्या माणसाला तो लगेच पटेल. डोलत्या सिलिंडरच्या इंजिनात वाफेची भोके कोठे पाडायची हे क्रँकच्या फेकीवर (क्रँकशाफ्टच्या केंद्रापासून क्रँकपिनच्या अंतरावर) ठरते. समजा क्रँकपिनची फेक ८ मि.मी. आहे आणि क्रँकशाफ्टपासून सिलिंडरच्या पिव्हटपर्यंतचे अंतर ४० मि.मी. आहे. सिलिंडर जास्तीत जास्त किती कलेल, त्या कोनाची साइन ८ भागिले ४०, म्हणजे ०.२, कोन सुमारे साडेअकरा अंश. पिव्हटपासून १४ मि.मी.वर भोके असतील, तर प्रत्येक भोक मध्यरेषेपासून १४ गुणिले ०.२, म्हणजे २.८ मि.मी. बाजूला पडेल. सिलिंडरचे भोक आणि प्लेटचे भोक सारख्याच व्यासाचे असतील, तर तो व्यास २.८ च्या आत हवा. नाहीतर सिलिंडर सरळ उभा असतानाही वाफ गळेल. २.५ चे ड्रिल घेतले की ०.३ चा बंद भाग उरतो.

आता ही सगळी मापे फ्रीकॅडच्या स्प्रेडशीटमध्ये घाला आणि स्केचमधल्या मापांना त्या खान्यांची नावे द्या. उद्या फेक १० करावीशी वाटली तर एका खान्यात आकडा बदला: २.८ चे आपोआप ३.५ होईल, क्रँक डिस्कवरचे भोक सरकेल आणि दोन्ही भागांचे कोडही नव्या मापाने पुन्हा काढता येतील. बोर्डावर हेच करायला नवा कागद लावावा लागतो.

कॅमचा भाग त्यातच आहे. पूर्वी त्याला पाथ वर्कबेंच म्हणत, १.० पासून त्याचे नाव कॅम झाले. आधी जॉब तयार करायचा, कच्च्या मालाचा ठोकळा सांगायचा, टूल आणि फीड भरायचे, मग प्रोफाइल, पॉकेट, ड्रिलिंग किंवा ॲडॅप्टिव्ह यांपैकी हवी ती क्रिया निवडायची. शेवटी पोस्ट प्रोसेसर निवडला की तुमच्या कंट्रोलरच्या बोलीत कोड निघतो. ग्रबल, लिनक्ससीएनसी आणि मॅक३ या मशीन चालवणाऱ्या तिन्ही प्रोग्रॅमचे पोस्ट आत आहेत. फ्यूजनइतके ते सफाईदार नाही. पहिले दोन आठवडे त्रासाचे जातील, हे धरून चला.

जाता जाता तुमच्या फ्लायव्हीलबद्दल. १८ च्या हबचा परीघ साडेछप्पन्न मि.मी. भरतो. सहा आरे ठेवले तर प्रत्येकाच्या वाट्याला ९.४ येतात; त्यातून आऱ्याचे ५ गेले की हबपाशी ४.४ चीच फट उरते. ६ चे एंड मिल तेथे शिरणारच नाही, मग प्रोग्रॅम कोणताही असो. पाच आरे ठेवलेत तर ६.३ उरतात. माझे वडील उद्यमनगरात पॅटर्न (ओतकामाचे नमुने) करायचे; बिडाच्या चाकाला आरे विषम संख्येत ठेवावेत असे ते सांगत, कारण ओतकाम थंड होऊन आकसताना समोरासमोरच्या दोन आऱ्यांचा ताण एकाच रेषेत येत नाही. तुमचे चाक ओतीव नाही, तरी पाच आरे दिसतातही छान.

जुना_टूलरूमवाला (ठाणे), धागाकर्ते

४.४ ची फट माझ्या ध्यानातच आली नव्हती. बोर्डावर आरे सुबक दिसले आणि टूलचा व्यास डोक्यातून निघून गेला; टूलरूममध्ये हीच चूक मी नव्या मुलांना दाखवत असे. पाच आरे करतो.

एक शंका. माझी बहुतेक कामे सपाट प्लेटचीच आहेत. मग आधी लिब्रेकॅडसारख्या द्विमितीय प्रोग्रॅममध्ये नकाशा काढून नुसते कॅम विकत घेतले तर चालणार नाही का? शिकण्याचे अर्धे ओझे उतरेल असे वाटते.

म्युनिककर

चालेल, आणि अनेकांचे वर्षानुवर्षे तसेच चालले आहे. मी जर्मनीत राहतो. माझ्या तळघरातले मशीन तुमच्यासारखेच छोटे आहे आणि त्यावर मी एस्टलकॅम वापरतो. ते जर्मनीतच एका माणसाने घडवलेले आहे. मी घेतले तेव्हा किंमत सुमारे ६० युरो होती, म्हणजे तुमच्या मर्यादेच्या अर्ध्याहून कमी, आणि ती एकदाच द्यायची. पैसे न देता वापरले तरी सगळी सोय खुली असते, फक्त कोड साठवताना थांबावे लागते आणि ते थांबणे हळूहळू वाढत जाते. त्यामुळे पूर्ण पारखून मगच पैसे भरता येतात.

डीएक्सएफ फाइल (नकाशाची फाइल) आत घेतली, रेषेवर क्लिक करून आत, बाहेर की रेषेवरच कापायचे ते सांगितले, खोली दिली, टूल निवडले, की कोड तयार. पॉकेट, भोके, कोरीव अक्षरे, कापताना भाग सुटू नये म्हणून ठेवायचे छोटे पूल, हे सगळे त्यात आहे. पहिला भाग मी त्याच संध्याकाळी कापला होता. घरच्या मशीनवरची बहुतेक कामे अशी असतात की टूल एका खोलीला उतरते आणि त्याच पातळीत फिरते. अशा कामाला त्रिमितीय मॉडेल अपरिहार्य नाही.

नकाशासाठी लिब्रेकॅडपेक्षा सॉल्व्हस्पेस पाहा असे सुचवतो. तेही मुक्त-स्रोत आहे, आकाराने अगदी लहान आहे आणि जुन्या लॅपटॉपवर पळते. त्यात रेषा काढताना ‘ही त्या रेषेला समांतर’, ‘ही दोन वर्तुळे समान’ अशी बंधने घालता येतात, म्हणजे उद्यमनगरकरांनी सांगितलेल्या पॅरामेट्रिक पद्धतीची गोडी तेथेच लागते. डीएक्सएफ आणि स्टेप दोन्ही निघतात.

लाकडावर नक्षी कोरणारे व्हीकार्व्हची स्तुती करतात आणि त्या कामात ते उत्तमच आहे, पण मी पाहिले तेव्हा त्याची डेस्कटॉप आवृत्तीसुद्धा साडेतीनशे डॉलरच्या घरात होती. तुमच्या कामाला त्याची गरज नाही.

लेथ_आणि_मी (नाशिक)

सातपूरला माझे छोटे जॉब-शॉप आहे आणि छंदाची कामे रविवारी होतात. सॉफ्टवेअर कोणते, यावर वरच्या तिघांनी सांगितलेच आहे. मी कोड मशीनपर्यंत पोहोचल्यावर काय होते ते सांगतो, कारण सॉफ्टवेअरला शिव्या बसतात त्या बहुतेक तेथे.

पहिली गोष्ट भोकांची. बहुतेक कॅम प्रोग्रॅम ड्रिलिंगसाठी जी८१ किंवा जी८३ हे तयार चक्र देतात. ग्रबलला ही चक्रे कळत नाहीत. ते एरर २० दाखवून थांबते. नवा माणूस समजतो की बोर्ड बिघडला. फ्रीकॅडच्या ग्रबल पोस्टला ‘ट्रान्सलेट ड्रिल’ असा पर्याय द्यावा लागतो, मग तो प्रत्येक भोक सरळ चालींच्या साध्या जी० आणि जी१ मध्ये उलगडून लिहितो. त्याचप्रमाणे जी४१ आणि जी४२, म्हणजे टूलच्या त्रिज्येची भरपाई, हेही ग्रबलमध्ये नाही. ती भरपाई कॅममध्येच होऊन आली पाहिजे. कारखान्यात कंट्रोलरवर ऑफसेट बदलून माप आणायची सवय असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट एककांची. एका गिऱ्हाइकाने पाठवलेली डीएक्सएफ मी न तपासता कॅममध्ये घेतली होती. नकाशा इंचात होता आणि फाइलमध्ये एककाची नोंद नव्हती. ४ इंचांची प्लेट पडद्यावर ४ मि.मी.ची झाली. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, कारण प्रोग्रॅम चित्र ताणून खिडकीभर दाखवतो. टूल प्लेटच्या मध्यावर चिमणीच्या नखाएवढा आकार कोरून वर आले. माल वाया गेला, टूल वाचले. उलटे झाले असते तर टूल, व्हाईस आणि कदाचित स्पिंडलही गेले असते. तेव्हापासून फाइल उघडली की आधी एक माहीत असलेले माप मोजतो, आणि कोडच्या पहिल्या चार ओळींत जी२१ (मापे मि.मी.त असल्याची आज्ञा) आहे की नाही हे डोळ्यांनी पाहतो.

तिसरी गोष्ट, कोड आधी कॅमोटिक्समध्ये चालवून पाहा. मुक्त-स्रोत आहे आणि कापलेला ठोकळा त्रिमितीत दाखवते. त्यानंतर मशीनवर झेड २० मि.मी. वर उचलून एकदा कोरडे चालवा.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो. बाजारात पाचशे रुपयांत महागड्या कॅमची फोडलेली प्रत घालून देणारे भेटतात आणि छंदापुरते चालते असे सांगतात. कृपया त्या वाटेला जाऊ नका. ज्या लॅपटॉपवरून स्पिंडल फिरते आणि ज्याच्यासमोर आपले बोट असते, त्यावर कोणी काय मिसळले आहे हे माहीत नसलेला प्रोग्रॅम चालवणे धोक्याचे आहे. शिवाय प्रामाणिकपणे वापरता येतील अशा इतक्या चांगल्या गोष्टी फुकट किंवा सहा हजारांत मिळत असताना त्याची गरजच काय?

पॉलिटेक्निक_दुसरे_वर्ष (सांगली)

आमच्या कॉलेजातर्फे मला फ्यूजनची शैक्षणिक आवृत्ती मिळाली आहे आणि तिच्यात वरची बंधने दिसत नाहीत. काकांनाही अशी काही सोय मिळेल का? तसेच ऑनशेप आणि सॉलिडवर्क्सच्या छंदवाल्या आवृत्तीबद्दल कोणी लिहिले नाही.

वैदेही_पुणे

शैक्षणिक परवाना विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यासाठीच असतो आणि शिक्षण संपले की तो संपतो. तू त्याचा भरपूर उपयोग करून घे, पण शेवटच्या वर्षी प्रत्येक मॉडेलची स्टेप फाइल काढून ठेव. एक लक्षात असू दे की स्टेपमध्ये तयार घन आकार जातो, तो कोणत्या पायऱ्यांनी बनला हे जात नाही. म्हणून मापांचा नकाशाही पीडीएफ करून बाजूला ठेवावा. मी एकदा हे केले नव्हते आणि दीड वर्षाचे काम दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पहिल्यापासून काढावे लागले.

ऑनशेप ब्राउझरमध्ये चालते आणि मॉडेलिंगला फार छान आहे, पण मोफत खात्यातले सगळे नकाशे सार्वजनिक असतात. कोणीही ते पाहू आणि उचलू शकतो. छंदाच्या इंजिनाला त्याने फरक पडणार नाही, मात्र काकांच्या गॅरेजात इंटरनेट नाही आणि कॅम वेगळे शोधावे लागेल. सॉलिडवर्क्सची मेकर आवृत्ती २०२१ मध्ये आली तेव्हा वर्षाला ९९ डॉलर होती. तिच्या फायलींवर खूण असते आणि त्या व्यापारी सॉलिडवर्क्समध्ये उघडत नाहीत. दर वर्षीचे भाडे काकांना नकोच आहे.

जुना_टूलरूमवाला (ठाणे), धागाकर्ते

मंडळी, सात आठवड्यांनी लिहीत आहे. आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, तेव्हा नुसते आभार न मानता काय केले ते सविस्तर सांगणे माझे कर्तव्य आहे.

मी फ्रीकॅड आणि फ्यूजन दोन्ही घातले आणि एकच फ्लायव्हील दोन्हींत काढले. फ्यूजनमध्ये तिसऱ्या दिवशी कोड हाती आला. फ्रीकॅडमध्ये तेथे पोहोचायला सोळा दिवस लागले. त्यातले चार दिवस स्केच पूर्ण बांधले गेले नाही म्हणून गेले आणि दोन दिवस टूलची यादी कोठे साठते ते शोधण्यात गेले. असे असूनही मी फ्रीकॅडवर थांबलो आहे. स्प्रेडशीटमध्ये क्रँकची फेक ८ ची १० करून पाहिली आणि प्लेटवरची दोन भोके माझ्या डोळ्यांदेखत बाजूला सरकली, तेव्हा बोर्डावर खोडरबर घेऊन घालवलेल्या कितीतरी रात्री आठवल्या. लॅपटॉप आता गॅरेजातच असतो. इंटरनेटची आठवणही येत नाही.

फ्लायव्हील पाच आऱ्यांचे केले. ६ ऐवजी ५ मि.मी.चे दोन धारांचे एंड मिल घेतले आणि पॉकेटच्या कोपऱ्यांना ३ मि.मी.ची गोलाई दिली. टूलची त्रिज्या अडीच असल्याने ते कोपऱ्यात येऊन थबकत नाही, वळत जाते, आणि कोपऱ्यावर घरघरीच्या रेघा उमटत नाहीत. प्रत्येक उतार अर्ध्या मि.मी.चा, फीड १२५, ब्रशने रॉकेल. आधी झेड उचलून कोरडे चालवले, मग आंब्याच्या लाकडाच्या फळीवर, आणि मग ॲल्युमिनियमवर. कॅमोटिक्समध्ये पाहिले नसते तर एका पॉकेटमधून दुसऱ्याकडे जाताना टूल क्लँपवर आदळले असते. सुरक्षित उंची मी ५ दिली होती आणि क्लँपचा नट ११ वर होता. ती १५ केली.

चाक शाफ्टवर चढवून फुंकर मारली तर बराच वेळ फिरत राहते. नातीने ते दिवसभर हातातून सोडले नाही.

आता खटकणारी गोष्ट. एक्समध्ये मोजले तर पॉकेट मापात आहेत, वायमध्ये ०.०८ लहान आहेत. गोल भोक कापले तर तेही तितकेच लांबट येते. हा दोष कॅमचा नाही हे उघड आहे. वायच्या स्क्रूमध्ये झोल (ढिलेपणा) आहे. चाकाला त्याने बाधा येत नाही, पण वाफेच्या भोकांच्या प्लेटमध्ये ०.३ चाच बंद भाग आहे आणि त्यातले ०.०८ असे गेलेले मला चालणार नाही. हे सॉफ्टवेअरमधून भरून काढता येईल का? आणि पुढे लेथलाही मोटरी बसवल्या, तर आटे पाडण्याचे काम याच साधनांनी होईल का?

लेथ_आणि_मी (नाशिक)

काका, चाकाबद्दल वाचून फार आनंद झाला.

आटे आधी घेतो. आटे पाडताना टूलची चाल स्पिंडलच्या फेरीशी बांधलेली असावी लागते आणि ग्रबलमध्ये ती सोय नाही. लिनक्ससीएनसीमध्ये त्यासाठीच्या जी३३ आणि जी७६ या दोन्ही आज्ञा आहेत, स्पिंडलला एन्कोडर (फेरी मोजणारे साधन) लावावा लागतो. तेही मुक्त-स्रोतच आहे, आणि लेथसाठी तुम्ही थेट त्याकडेच जावे. फ्रीकॅडच्या कॅममध्ये मूळ रचना मिलिंगची आहे. टर्निंगचा भाग वेगळा जोडावा लागतो. पण साध्या शाफ्टचे टर्निंग तुम्ही हाताने कोड लिहून आजही कराल.

झोलाची भरपाईसुद्धा लिनक्ससीएनसीत आणि मॅक३ मध्ये आकडा भरून होते, ग्रबलमध्ये होत नाही. मात्र भरपाईवर विसंबण्याआधी वायचा नट आवळून पाहा, गिब (स्लाइडचा ढिलेपणा घालवणारी पट्टी) नीट बसवा आणि स्लाइडला डायल लावून पुन्हा मोजा, ०.०८ चे ०.०३ होतील अशी मला आशा आहे. झोल असेपर्यंत कॅममध्ये कापण्याची दिशा क्लाइंब (धार आणि जॉब एकाच दिशेने) न ठेवता कन्व्हेन्शनल (एकमेकांविरुद्ध) ठेवा, नाहीतर टूल जॉबला स्वतःकडे ओढते आणि झोलाएवढा हिसका बसतो. पॉकेटच्या भिंतीला ०.२ ठेवून शेवटचा हात वेगळा द्या आणि त्याच मापावर आणखी एकदा फिरवा.

प्लेटच्या भोकांना तर झोलाची भीतीच नको. दोन्ही भोकांवर एकाच बाजूने या. एक्स आणि वाय दोन्हींत मापाच्या २ मि.मी. अलीकडे थांबायचे, तेथून पुढे सरकत भोकावर यायचे, मग ड्रिल उतरवायचे. पिव्हटच्या भोकालाही तसेच, त्याच दिशेने. प्रत्येक वेळी स्क्रूची तीच बाजू नटला टेकलेली असेल, त्यामुळे भोकांमधले अंतर बरोबर येईल. तीन भोकांसाठी कॅम उघडूही नका, वहीतून हातानेच लिहा. आधी सेंटर ड्रिल, मग २.५ चे. टोकाला आलेला बर (धातूची खरखरीत कड) काढून प्लेट काचेवर घासून घ्या आणि भोकांमध्ये पिना घालून बाहेरून बाहेरचे माप घ्या आणि त्यातून एका पिनेचा व्यास वजा करा. मध्यरेषेपासून २.८ आणि २.८, म्हणजे दोन केंद्रांमध्ये ५.६ आले पाहिजेत. किती आले ते येथे कळवा.